न्हाणीमागची कातीण

माझ्या आईला कचऱ्याचं वावडं होतं, एवढंच म्हटलं तर वाचणाऱ्याला ती चारचौघींसारखी टापटिपीची बाई वाटेल. तसं नव्हतं. ती कचऱ्याशी भांडायची. दाराशी वाऱ्यानं एखादं पान येऊन पडलं, तर ते कुणी मुद्दाम पाठवल्यासारखं ती त्याच्याकडे बघायची. देवळाली कॅम्पच्या मागच्या अंगाला, तोफांच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वस्ती होती. पंधरा-वीस कौलारू घरं, सगळी बौद्धांची. आई कॅम्पातल्या दोन बंगल्यांवर झाडलोट करायला जायची. दुसऱ्यांची घरं झाडून आलेली बाई स्वतःच्या घरी तरी जरा टेकेल की नाही? ती आली की पदर खोचायची आणि पुन्हा झाडू हातात घ्यायची. वर्षातून दोनदा भिंतींना चुना, एक दिवसाआड अंगणात सडा, आणि आढ्याची जळमटं तर रोज. झाडूच्या दांड्याला तिनं बांबू बांधून घेतला होता, त्यामुळे कौलांखालचा एकही कोपरा तिच्या तावडीतून सुटत नसे. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "हिच्या घरात कोळ्याला पावना म्हनूनबी ऱ्हाता येनार नाय."

दादा लष्करी वर्कशॉपात सुतार होते. बोलणं कमी, हात चालू. पहाटे बिगुल व्हायचा, मग नळाचा फुसफुसाट, मग आईचा झाडू, आणि नऊ-साडेनऊला मैदानावर तोफा सुरू व्हायच्या. तोफ झाली की फळीवरची पितळी भांडी किणकिणायची. आम्ही बोलत असू तर वाक्य तिथंच धरून ठेवायचो, आवाज गेला की पुढे. ती सवय माझी अजून गेलेली नाही. परवा नाशिकरोडला आमच्या फ्लॅटखाली कुणाच्या तरी वरातीत फटाके वाजले आणि मी फोनवर बोलता बोलता गप्प झाले. सुनेला वाटलं मला चक्कर आली, ती पाण्याचा ग्लास घेऊन धावली.

जेवण साधं असायचं. बाजरीची भाकरी, खुरासणीची चटणी, कधी कुळथाचं पिठलं. शनिवारी दादा कॅम्पातल्या बेकरीतून खारीचा चुरा आणायचे. अख्खी खारी पाहुण्यांसाठी आणि चुरा घरच्यांसाठी, असा आमच्याकडे अलिखित नियम होता. पाहुणे फारसे यायचे नाहीत. त्यामुळे खारीला थर असतात हे मला बऱ्याच मोठेपणी कळलं.

मी तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होते. वस्तीतून कॉलेजात जाणारी मी दुसरीच मुलगी. एका सकाळी न्हाणीमागे भांडी घासत बसले होते. तिथं लिंबोणीचं झाड होतं आणि समोर कपड्यांच्या दोरीचा खांब. त्या दोघांच्या मध्ये, साधारण माझ्या कपाळाएवढ्या उंचीवर, हवेत एक उभी काडी लटकत होती. वितीपेक्षा थोडी कमी, मळकट, ओबडधोबड. वाऱ्यानं हलली तेव्हा तिच्याभोवती गोल जाळं असल्याचं दिसलं. मी जवळ जाऊन बघितलं तर ती काडी नव्हतीच. माश्यांचे पंख, मुंग्यांची मुंडकी, वाळक्या पानाचे तुकडे असा सगळा कचरा कुणीतरी एकाखाली एक नीट ओवून ठेवला होता. मी बोट लावलं आणि त्या कचऱ्याचा मधला मणी जोरजोरात हलायला लागला. तो मणी म्हणजेच ती. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, राखाडी, पाठीवर चंदेरी झाक, आणि मागचं टोक निमुळतं. आपल्याच उष्ट्या-खरकट्यात अशी मिसळून बसली होती की पाखराला सोडा, मला ती हातभरावरून दिसली नव्हती. आमच्याकडे कोळ्याला कातीण म्हणत, म्हणून माझ्या लेखी ती पहिल्या दिवसापासून बाईच झाली.

आईनं ती बघितली तेव्हा तिच्या हातात अर्थातच झाडू होता. "अगं बया! घानीत घर केलंय हिनं," ती म्हणाली, "केर काढून टाकायचा सोडून दारात टांगून ठिवलाय. आळशी मेली." मी मध्ये पडले. कॉलेजात कोळ्यांचा अभ्यास आहे, सर स्वतः कोळ्यांवरच काम करतात, वगैरे सांगितलं. अभ्यास हा शब्द आमच्या घरात सर्वांत वजनदार होता. आईनं झाडू खाली केला आणि तह झाला: घर तिचं, अंगण तिचं, न्हाणीमागचा तेवढा कोपरा माझा. तिनं तह पाळला, पण भांडी घासायला बसली की त्या जाळ्याकडे पाठ करून बसायची.

पुढचे दोन महिने मी त्या कातिणीच्या मागे वेडी झाले होते, असं म्हटलं तरी चालेल. दादांनी मला कॅम्पच्या जुन्या बाजारातून मोडक्या दुर्बिणीचं भिंग आणून दिलं, त्याला लाकडी मूठ बसवून दिली. बिगुलाच्या आधी उठून मी बघायचे. उजाडायच्या सुमाराला ती जाळ्याचा गोल नव्याने विणायची, पण कचऱ्याच्या ओळीला हात लावायची नाही. घर रोज नवं, अडगळ मात्र जुनीच. तिनं अंड्यांच्या पिशव्याही त्याच ओळीत टांगल्या, म्हणजे बाकीच्या कचऱ्यात त्याही खपून जाव्यात. तोफ झाली की जाळं थरथरायचं, ही ढिम्म. पण चिलटाचा पाय लागला की धाव घ्यायची. कुठला हादरा खाण्याचा आणि कुठला सरकारी, हे तिला बरोबर कळायचं. हे सगळं मी एका वहीत लिहीत गेले. त्यातच एक गोष्ट होती, जी लिहिताना मला तिचं महत्त्व कळलंच नव्हतं: ही कातीण जाळ्यात डोकं वर करून बसते.

आमचे दाते सर उंच, शिडशिडीत, आणि बोलायला फटकळ होते. विद्यार्थी त्यांना टरकून असत. तिसऱ्या वर्षी ते मोजक्या सहा जणांना स्वतःच्या हाताखाली घ्यायचे आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत कोळी शोधत हिंडवायचे. त्या सहांत मुलगी कधी नसे. डोंगरातली पायपीट मुलींना झेपत नाही, असं ते तोंडावर सांगत. मला त्या सहांत जायचं होतं. इतकं दुसरं काही मला त्या वयात हवं असल्याचं आठवत नाही. एकदा प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "गोल जाळं विणणारा कोळी डोकं खाली करून बसतो. खाली धावणं सोपं जातं." मी हात वर केला. "सर, आमच्याकडची वर करून बसते."

"आमच्याकडची" या शब्दावर सगळा वर्ग हसला. सरही हसले. "गांगुर्डे, तू शेपटीला डोकं समजली आहेस."

माझे कान तापले, पण मी खाली बसले नाही. "नाही सर. मी माशी देऊन बघितलं. ती वरच्या टोकानं खाते. धागा खालच्या टोकातून येतो."

सर हसायचे थांबले. मग त्यांनी माझी वही मागितली, उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि म्हणाले, "अशा एक-दोन जाती असल्याचं मी वाचलंय. या भागात कुणी बघितल्याचं ऐकलेलं नाही. रविवारी तुझ्याकडे येतो. जाळ्यात बसलेली दाखव. खरं निघालं तर माझ्या यादीत तुझं नाव. नाही निघालं तर वनस्पतिशास्त्र घे, तेही चांगलं आहे. यादी बुधवारी जाणार."

प्रोफेसर घरी येणार, ही बातमी मी फक्त घरी सांगितली होती. दुसऱ्या दिवशी नळावरच्या बायकासुद्धा मला "किती वाजता येनार गं सायेब?" म्हणून विचारू लागल्या. शनिवारी वस्तीनं मिळून गटार साफ केलं. शेजारच्या सखूमावशीनं तिच्या दारालाही चुना लावला, सर तिच्याकडे येणार नव्हते तरी. आईनं कपबशा मागून आणल्या, दादांनी अख्खी खारी आणली. रविवारी सकाळी मी न्हाणीमागे जाऊन बघितलं. कातीण जागेवर होती, ओळ जागेवर, डोकं वर. मी सरांना आणायला बसस्टँडवर गेले. सगळं मिळून पाऊण तास लागला असेल.

आम्ही आलो तेव्हा आई दारात उभी होती. ठेवणीतली साडी, हातात लोणच्याची काचेची बरणी. घासूनपुसून लख्ख केलेली, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. बरणीच्या तळाशी माझी कातीण पाय आखडून बसली होती.

"आई, जाळं?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"काढलं की," आई समाधानानं म्हणाली. "जित्ती हाय ती, काळजी करू नगं. लय जपून धरली. साहेबांना नीट बघता यावी म्हनून बरनीत ठिवली."

मी न्हाणीमागे धावले. लिंबोणी आणि खांब यांच्यामध्ये काही नव्हतं. खालची फरशी धुतलेली होती, कडेला रांगोळीची दोन बोटं ओढलेली होती.

सरांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ बघितलं. "जात मी पाहिलेली नाही, एवढं नक्की," ते म्हणाले. पण बरणीत ती कधी वर चढे, कधी काचेवरून घसरे, कधी फडक्याला उलटी लटके. ती कशी बसते हे तिच्या जाळ्याशिवाय कोण सांगणार? सर चहा प्यायले, खारी खाल्ली, दादांशी सागवानाच्या गाठींबद्दल बोलले. निघताना मला म्हणाले, "मी तुला खोटी म्हणत नाही. पण बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही, आणि तूही कधी लिहू नकोस." दादा त्यांना पोचवायला गेले.

मग मी आईवर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं इथं लिहिणार नाही. वयानं माणूस शहाणं होत नाही, पण थोडं लाजतं तरी. एक वाक्य लिहिते, कारण ते मला आजही टोचतं. मी म्हणाले, "तुला झाडण्यापलीकडं काही येतं का?"

आईनं ऐकून घेतलं. कपबशा विसळत होती, त्या विसळत राहिली. मग म्हणाली, "तुझं सायेब न्हानीमागं गेलं असतं तर पयलं काय दिसलं असतं त्यांला? माशीची मुंडकी. मेल्याली चिलटं. मनात म्हनलं असतं, ह्या लोकांकडं असंच असतंय. वीस वरीस झाडतीया मी, इमल, कुनी तसं म्हनू नये म्हनून. मला ठावं व्हतं ती तुझी हाय. पन तुमची यायची येळ झाली, आन् हातच थांबंना."

मला त्या वेळी यातलं काही कळून घ्यायचं नव्हतं. आज कळतं. सरांनी आमच्या भिंतींकडे बघितलंसुद्धा नव्हतं. ते आले होते तो कचराच बघायला, आणि त्यांच्या येण्याच्या धास्तीनं आईनं नेमका तोच झाडून टाकला. कोळी पाहायला येणाऱ्या पाहुण्यासाठी घरातलं जाळं काढणारी माणसं जगात आणखी कुठं असतील की नाही, मला माहीत नाही. आमच्या वस्तीत कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच केलं असतं.

संध्याकाळी आईनंच बरणी नेऊन लिंबोणीच्या फांदीवर आडवी केली. कातीण बाहेर आली, पानामागे गेली. सोमवारी पहाटे मी बघितलं, जाळं नव्हतं. दिवसभरात झालं नाही. आईनं त्या बाजूची दोरी सोडून टाकली, कपडे सखूमावशीच्या दारात वाळत घातले आणि न्हाणीमागं कुणी फिरकायचं नाही म्हणून ताकीद दिली. मी तिच्याशी बोलत नव्हते. मंगळवारी सकाळचं प्रॅक्टिकल होतं. मी उठले, तोंड धुतलं आणि लिंबोणीकडे न बघताच बस पकडली. माझ्यापुरतं ते प्रकरण संपलं होतं. वनस्पतिशास्त्रही चांगलंच असतं, असं मी मनाला सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी झुरळाचं विच्छेदन होतं. साडेदहाच्या सुमाराला मी मेणाच्या ट्रेवर वाकून टाचण्या टोचत होते, तेवढ्यात दारात शिपायाचा आवाज आला, "बाई, झाडायला दुपारी यायचं. आता वर्ग चालू आहे." सगळ्यांनी वळून बघितलं. मीही बघितलं. दारात आई होती. बंगल्यावर जायची विटकी साडी, पदर खोचलेला, पाय चिखलानं भरलेले. तशीच उठून बसमध्ये बसली असणार. कॉलेजच्या आवारात तिनं पूर्वी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "कोण आहे गं ती?"

आणि मी मान खाली घातली. ट्रेमधल्या झुरळाकडे बघत राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. चार टाचण्या टोचून होतील एवढा. माझी आई दारात उभी होती, तिला झाडूवाली समजून हाकलत होते, आणि "ती माझी आई आहे" हे चार शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या. बाकीच्यांची कारणं मला देता येतात.

आईनं मला हाक मारली नाही. शिपायाच्या बाजूनं ती आत आली, टेबलांच्या मधून थेट दाते सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, बसली ती," ती म्हणाली. "नवं जाळं केलंय. डोस्कं वर करूनच बसलीया. मी लय येळ बघितलं. चला."

सरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. वर्ग दुसऱ्या मास्तरांकडे सोपवला आणि छत्री उचलली. "गांगुर्डे, चल," ते म्हणाले. तेव्हा कुठं वर्गाला कळलं की ती माझी कोण. मला उठावंच लागलं.

बसमध्ये आई खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी, सर दांडा धरून उभे. सरांनी मध्येच वाकून आईला विचारलं, "बाई, तिचं डोकं कुठलं ते तुम्ही कसं ओळखलंत?" आई म्हणाली, "खाताना बघितलं, साहेब. ज्या तोंडानं खाती तेच डोस्कं नव्हं?" सर स्वतःशीच हसले.

लिंबोणीपाशी सखूमावशी काठी घेऊन बसली होती, कोंबड्या हाकायला. आईनं तिला सकाळपासून पहाऱ्यावर बसवलं होतं. "कुनालाबी शिवू दिलं नाय," तिनं सरांना सलाम करत रिपोर्ट दिला. सरांनी चष्मा काढला, माझं भिंग मागून घेतलं आणि पँट चिखलात टेकवून गुडघ्यांवर बसले. जाळं पहिल्याएवढं मोठं नव्हतं, पण घडी घातल्यासारखं नीट होतं. मधोमध ती, आणि तिच्या वर-खाली नव्या ओळीची सुरुवात: काही बारीक काळे कण, एक-दोन पापुद्रे. मैदानावर तोफ झाली. जाळं थरथरलं, ती हलली नाही. सरांनी चिमटीत धरून एक चिलट वरच्या बाजूला टाकलं. ती सरळ वर धावली, चिलट गुंडाळलं, मध्ये घेऊन आली आणि पुन्हा तशीच बसली.

"वर," सर म्हणाले. मग मोठ्यानं, "वरच आहे!" त्यांच्या आवाजात लहान पोरासारखा आनंद होता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जी काही अढी होती ती तेवढ्यानं गेली. थोड्या वेळानं त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. "हे काळे कण कसले? किड्याचे दिसत नाहीत."

आई चाचरली. "चहाची पूड हाय साहेब. आन् कांद्याची सालटं. तिला केर लागतो म्हनं. तिचा सगळा संसार मीच मोडला व्हता, म्हनून सकाळी उलीसा टाकून बघितला. तिनं घेतला."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. चहाची पूड, कांद्याचा पापुद्रा, स्वीकारले. मग वही मिटून मला म्हणाले, "यादीत नाव घालतो. डोंगरात पाय दुखले तर माझ्याकडे तक्रार करायची नाही." मी मान हलवली. आईनं त्यांना विचारलं, "साहेब, मग आता न्हानी धुतली तर चालंल का? दोन दिस झालं." सर म्हणाले, "लिंबोणी सोडून सगळं धुवा."

त्या कातिणीचं नाव काय, हे वाचणारा विचारील. सरांनी दोन मोठ्या माणसांना पत्रं लिहिली, नमुना पाठवला. एकानं एक नाव सुचवलं, दुसऱ्यानं ते खोडलं. अलीकडे नाशिकची काही तरुण मुलं कोळी शोधत हिंडतात. त्यांना मी माझी वही दाखवली. त्यांनी तिची भावकी, म्हणजे कूळ, सांगितली, पण नेमकी जात कुठली हे बारकाईनं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, असं म्हणाले. मला ते उत्तर आवडलं. नातू मात्र गॅलरीतल्या एका कोळ्याचा फोटो काढतो, फोन त्याला क्षणात नाव सांगतो, आणि दर वेळी वेगळं सांगतो. मी पुढे तीस वर्षं मुलांना प्राणिशास्त्र शिकवलं. पेठच्या डोंगरात माझे पाय फार दुखले, तक्रार केली नाही.

पण त्या मंगळवारी माझ्या डोक्यात ना कातीण होती ना यादी. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. वर्गातलं सांगायचं होतं आणि सुरुवात सापडत नव्हती. ती माझ्याकडे बघत नव्हती, परातीत पीठ मळत होती. शेवटी मी म्हणाले, "आई, तू दारात उभी होतीस तेव्हा मी..."

"बघितलं मी," ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही, हात पिठानं भरलेले होते. भाकरी थापत थापतच ती म्हणाली, "लाज लय वंगाळ असती इमल. रविवारी मला गाठलं तिनं, आज तुला. मी झाडू हातात घेतला, तू मान खाली घातली. फिटंफाट झाली आपली. आता डोळं पूस, आन् त्या चटनीत मीठ हाय का बघ."

मी बघितलं. मीठ थोडं कमी होतं. मी तसं सांगितलं, आणि तिनं घातलं.